एसटीत अर्धे तिकीट, मग शहर बसमध्ये का नाही?

प्रश्न : मी पुण्यात तीन घरी स्वयंपाकाची कामे करते. गावी जाताना एसटीत अर्धे तिकीट लागते, पण रोजच्या बसमध्ये पूर्ण पैसे मोजावे लागतात. दिवसात चार बस होतात. जाता-येताच्या दोन बसना २०-२० रुपये आणि मधल्या दोन बसना १०-१० रुपये पडतात. ही सवलत शहरात का मिळत नाही? मासिक पास काढावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एसटीतील सवलत राज्य सरकारने मार्च २०२३ पासून दिली असून तिचा भार सरकारच उचलते. शहर बस चालवणारी पीएमपी ही मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची कंपनी आहे आणि तिची तूट त्या अनुक्रमे ६० व ४० टक्के भरून काढतात. दिल्लीत २०१९ मध्ये आणि तमिळनाडूच्या साध्या शहर बसमध्ये २०२१ मध्ये महिलांचा प्रवास मोफत झाला, तो तेथील राज्य सरकारांनी खर्च अंगावर घेतला म्हणून.

आता पासाचा हिशेब पाहू. जून २०२५ च्या दरवाढीत मासिक पास ९०० रुपयांवरून १,५०० रुपयांवर गेला. तुमचा रोजचा खर्च ६० रुपये असल्यामुळे पास वसूल होण्यासाठी महिन्यात २५ दिवस कामावर जावे लागेल; रविवारच्या सुट्ट्यांशिवाय आणखी दोन खाडे पडले तरी बहुतेक महिन्यांत तोटाच, आणि एवढी रक्कम एकदम काढावी लागते ती वेगळीच. म्हणून तुम्ही सुटी तिकिटेच काढावीत. दवाखाना, बाजार अशी आणखी दोन-तीन ठिकाणे असतील त्या दिवशी मात्र ७० रुपयांचा दैनंदिन पास परवडेल.

मला सवलतीपेक्षा तिकिटाची रचना जास्त खटकते. पूर्वी २ किलोमीटरपर्यंत ५ रुपये लागत, आता ५ किलोमीटरपर्यंत सरसकट १० रुपये लागतात. एकाच बसने १० किलोमीटर जाणारा २० रुपयांत पोहोचतो. तेवढेच अंतर तीन घरे करत तीन बसने कापणारी बाई ३० रुपये देते, कारण प्रत्येक बसला नवे तिकीट काढावे लागते. लंडनमध्ये २०१६ पासून तासाभरात दुसरी बस धरली तर वेगळे भाडे पडत नाही. सवलतीचे निवेदन राज्य सरकारकडे द्यावे लागेल. अशा वेळेवर आधारलेल्या तिकिटाची मागणी मात्र तुम्ही आणि तुमच्या सोबतच्या बायकांनी पीएमपीकडे आणि नगरसेवकाकडे लेखी करावी, आणि अर्जात रोजच्या चारही बसचा खर्च मांडावा.