सुई-दोरा गिळलेल्या कुत्र्याला केळं चारू नका, आधी एक्स-रे काढा

अहमदपूरच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला. आई वाकळ शिवत होत्या, ओवलेली सुई तशीच ठेवून त्या चहाला उठल्या आणि तेवढ्यात नऊ महिन्यांच्या लॅब्राडोरनं सुई दोऱ्यासकट गट्टम केली. तास झाला, पठ्ठ्या शेपूट हलवत फिरतोय. शेजारी म्हणतायत केळी चारा, नाहीतर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. आधी उत्तर सांगतो, कारणं मागून: काहीही चारू नका, उलटी काढू नका आणि आजच एक्स-रे काढा.

तो मजेत आहे यावरून काही ठरवू नका. सुई घशाच्या पुढं सरकली की कुत्र्याला लगेच दुखतंच असं नाही. जीव कासावीस व्हायला लागतो तो आतडं अडल्यावर किंवा टोचलं गेल्यावर, आणि तोवर सोपं काम अवघड होऊन बसतं.

खरं तर नुसती सुई कितीतरी वेळा शौचावाटे आपोआप पडते. तुमच्याकडं भीती आहे ती दोऱ्याची. सुई पोटात अडकली किंवा दोरा जिभेच्या मुळाशी गुंतला, तर दोऱ्याचं एक टोक जागच्या जागी राहतं आणि बाकीचा दोरा आतडं पुढं ढकलत राहतं. मग परकराची नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडतात तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं, आणि ताणलेला दोरा आतल्या बाजूनं त्याला कापत जातो. म्हणून एरंडेलसुद्धा नको. आतड्याची हालचाल वाढवणं म्हणजे ते कापणं वाढवणं.

उलटीचं म्हणाल तर, टोकदार वस्तू खाली जाताना अन्ननलिकेतून एकदा सुटली असेल, तर वर येताना सुटेलच याची खात्री नाही. मिठाच्या पाण्याबद्दल माझं मत कडक आहे: कुठल्याच कुत्र्याला, कुठल्याच कारणानं पाजू नका. उलटी झाली नाही तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, जीवही जातो. केळं-भाकरी नको, कारण भूल द्यावी लागली तर भरलेलं पोट धोक्याचं. भुलीत उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते.

आता तोंड बघा, पण शांत असेल तरच. आमच्या गल्लीतल्या एका पामेरियनचं असंच झालं होतं. एक्स-रेमध्ये सुई पांढऱ्या रेघेसारखी लख्ख दिसली, पण दोरा फिल्मवर उमटत नाही. डॉक्टरांनी खालच्या जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागेत बाहेरून अंगठा वर दाबला, जीभ उचलली गेली, आणि तिच्या मुळाशी दोऱ्याचा वेढा दिसला. वरवर तोंड उघडून पाहणाऱ्या घरच्यांना तो दिसलाच नव्हता. तुम्हाला असं काही दिसलं तर ओढू नका. मागून दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. दुसरं टोक कुठं अडकलंय ते माहीत नसताना ओढणं म्हणजे आतून चिरणं.

जायचं कुठं? तालुक्याचा जनावरांचा दवाखाना गाय-म्हशीत वाकबगार असतो, पण कुत्र्याचा एक्स-रे आणि पोटाचं ऑपरेशन तिथं होईलच असं नाही. तुम्हाला शिरूर ताजबंदवरून उदगीर जवळ पडेल. तिथं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेड-हिंगोलीकडच्यांना परभणीचं. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची. सुट्टीचा दिवस किंवा उशिराची वेळ असेल तर आधी फोन करूनच निघा, नाहीतर लातूर-नांदेडला एक्स-रे असलेला खासगी डॉक्टर गाठा. फोनवर चारच गोष्टी सांगा: काय गिळलं, किती वाजता, कुत्र्याचं वजन, शेवटचं कधी खाल्लं. सोबत तशीच दुसरी सुई आणि त्याच रिळाचा दोरा न्या. दुर्बिणीनं सुई काढायची सोय मोठ्या शहरातच सापडते, त्यामुळं आपल्याकडं पोट उघडायची वेळ येऊ शकते, याची तयारी ठेवा. प्रवासात तोंड बांधू नका, उलटी आली तर गुदमरेल. आणि उन्हाळ्यात भर दुपारी बंद गाडीत ठेवून चिठ्ठी काढायला जाऊ नका, सुई राहील बाजूला आणि ऊष्माघातानं जाईल.

एक खास आपल्याकडचा सल्ला मिळेल, म्हणून सांगून ठेवतो: 'गाईला लोहचुंबक गिळवतात तसं याला द्या.' गाईनं तार-खिळा खाल्ला तर तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात राहतो, चुंबक तिथंच बसून त्याला धरून ठेवतो. कुत्र्याच्या पोटात असा कप्पाच नाही. आतड्याच्या एका वेढ्यात चुंबक आणि दुसऱ्यात सुई आली, तर मधल्या भिंती चिमटल्या जाऊन भोक पडतं.

हे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. शुगर मोजायच्या मशीनमधला किंवा गाडीच्या चावीतला चपटा बटण सेल गिळला असेल तर इतकं वाचतही बसू नका, निघा. तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या मांसातून करंट जाऊन दोन तासांच्या आत खोल जखम होते. त्यालाही उलटी नाहीच. आंब्याची कोय आणि दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस टोचत नाहीत, पण आतडं बुचासारखं बंद करतात. एक्स-रेत नीट दिसत नाहीत, सोनोग्राफी लागते. कापड, रबर, प्लॅस्टिकचंही तेच. 'एक्स-रे क्लिअर आहे' म्हणून अशा केसमध्ये निश्चिंत होऊ नका. उंदराचं औषध खाल्लं असेल तर पाकीट सोबत न्या. वडीच्या स्वरूपात येणाऱ्या काही औषधांनी रक्तस्राव तीन-चार दिवसांनी सुरू होतो, तोवर कुत्रं अगदी ठणठणीत दिसतं.

ताई, डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'थांबून बघू' म्हटलं तर घाबरू नका, पण पुन्हा एक्स-रे कधी ते विचारूनच या. तोवर त्याला मोकळं सोडू नका. प्रत्येक शी हातमोजा घालून, पाण्यात विरघळवून गाळणीतून बघायची, सुई हाती लागेपर्यंत. मधेच पाणीही पोटात टिकेना, पोटाला हात लावू देईना, पुढचे पाय पसरून कंबर वर धरून उभा राहिला, शी बंद झाली किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर ठरलेल्या एक्स-रेची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. आणि आईंना आत्ताच विचारून ठेवा, दोरा एकेरी होता की दुहेरी, आणि साधारण किती हात लांब. डॉक्टर हे विचारणारच.