अवकाश-किरणोत्सार आणि पेशी: सुरुवात करताना

अंतराळातल्या किरणोत्साराचा पेशींवरचा परिणाम बघायला "थेट लोखंडाच्या आयनांवर प्रयोग करायचाय" असं लिहिलंयस. उत्साह छान, पण जरा दमानं घे. वैश्विक किरणांत बहुतेक प्रोटॉनच असतात, लोखंडासारखे जड आयन (विद्युतभारित अणू) संख्येनं जेमतेम १ टक्का. घातक असतात हे खरं. पण जड आयनांचा झोत हवा तर पुण्याहून दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरसारख्या ठिकाणी वेळ मागावा लागतो. तोवर गॅमा किंवा एक्स-रेवर हात बसव.

आधी एवढंच:

१. मायकोप्लाझ्माची (वाढवलेल्या पेशींत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूंची) चाचणी. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही, निकालांची मात्र वाट लागते.

२. कंट्रोलचा (किरण न दिलेल्या, तुलनेसाठीच्या पेशींचा) फ्लास्कही यंत्रापर्यंत ने, तितकाच वेळ बाहेर ठेव. इन्क्युबेटरमध्ये उबेत बसलेला फ्लास्क कंट्रोल नव्हे!

३. कॉलनी (एका पेशीच्या विभाजनातून वाढलेला पुंजका) मोजायला शीक. एमटीटी (रंगबदलावरून जिवंत पेशींचा अंदाज देणारी चाचणी) झटपट होते म्हणून सगळे तिच्यामागे लागतात. पण जिवंत दिसणारी पेशी पुढे विभागेलच असं नाही. क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवून किमान ५० पेशींचा पुंजकाच कॉलनी धर. कंटाळवाणं आहे, पर्याय नाही.

ग्रे (शोषलेल्या ऊर्जेचं एकक) आणि सीव्हर्टची (माणसाला असलेला धोका धरून काढलेल्या डोसचं एकक) गल्लत नको. पेशींचा डोस ग्रेमध्येच लिही. शिवाय अंतराळ स्थानकावर दिवसाला साधारण अर्धा मिलिसीव्हर्ट मिळतो, तू २ ग्रे काही मिनिटांत देणार. त्यावरून "अंतराळात असंच होतं" असं ठोकून देऊ नकोस, पहिल्याच सेमिनारमध्ये कुणीतरी पकडेल.

एलईटी (कण वाटेत किती ऊर्जा सोडतो ते), मायक्रोडोसिमेट्री (पेशीच्या पातळीवरचं डोस-मापन) वगैरे नंतर बघू. सर्व्हायव्हल कर्व्ह (डोसागणिक किती पेशी तगल्या याचा आलेख) तीनदा सारखा आला की कळव.