हातातील अवजारे आणि कंपनीची वॉरंटी: वाचकांचे प्रश्न

हातअवजारांच्या वॉरंटीविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून वाचकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न: संगमनेर येथे माझे दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. मी आणि एक मदतनीस काम करतो. आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या सॉकेट सेटचे रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने पीळ देणारे हँडल, आता भार आला की घसरते. डब्यावर एक वर्षाची वॉरंटी छापलेली आहे. दुकानदार बिलावरचे "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य दाखवतो आणि धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही, असेही सांगतो. मी काय करावे?

उत्तर: सर्वप्रथम एक विनंती. रॅचेटचे डोके स्वतः उघडू नका. आपण मेकॅनिक आहात, त्यामुळे आतील चक्र, कुत्रा (चक्राचे दाते अडवणारा खटका) आणि स्प्रिंग काढून, धुऊन, पुन्हा बसवणे आपल्याला अवघड नाही, हे आम्ही जाणतो. मात्र खुणा पडलेला स्क्रू किंवा वाकलेली सर्क्लिप (भाग जागेवर धरणारी कडी) दिसली की "बाहेर उघडलेले आहे" एवढ्या कारणावर दावा नाकारता येतो आणि मग मूळ दोष कोणाचा होता हा प्रश्नच मागे पडतो. कंपनीने लेखी परवानगी दिली किंवा दुरुस्ती किट पाठवले, तरच ते उघडावे.

त्यानंतर डबा पाहा. वेष्टनबंद वस्तूंबाबतच्या 2011 च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, आणि तक्रारीसाठी संपर्क साधण्याचा दूरध्वनी व ईमेल वेष्टनावर असणे आवश्यक आहे. त्या ईमेलवर बिलाचे छायाचित्र, डब्यावरील मॉडेल क्रमांकाचे छायाचित्र आणि रॅचेट कोणत्या कामात, कोणत्या दिशेने घसरते याचे चार ओळींचे वर्णन पाठवा. जमल्यास घसरतानाचा छोटा व्हिडिओ जोडा. पत्रात दोन गोष्टी स्पष्ट विचारा: कंपनी दुरुस्ती करणार की हँडल बदलून देणार, आणि जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च कोण करणार. संपूर्ण सेट बदलून मिळावा असा आग्रह धरू नये, कारण बिघडलेला नग बदलला की वॉरंटीचे वचन पाळले गेले असे सामान्यतः मानले जाते आणि ते न्याय्यही आहे. फोनवर मिळालेल्या आश्वासनावर थांबू नका. बोलणे झाले की त्याच दिवशी "आपण दूरध्वनीवर असे सांगितले" असा मजकूर ईमेलने पाठवा.

आता दुकानदाराच्या म्हणण्याविषयी. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, तिच्यात सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे याचा समावेश आहे. बिल न देणे हेही त्याच व्याख्येत येते. आपली खरेदी आठ महिन्यांपूर्वीची असल्याने ती 30 दिवसांची मुदत आपल्याला उपयोगी पडणार नाही. आपला आधार आहे तो डब्यावर छापलेल्या एक वर्षाच्या वचनाचा, आणि दुकानाच्या बिलावरील कोणतेही छापील वाक्य उत्पादकाने दिलेले ते वचन रद्द करू शकत नाही. म्हणून दुकानदाराशी वाद घालण्यात वेळ न दवडता थेट कंपनीकडे जावे.

धंद्याचा मुद्दा आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण या एका गैरसमजामुळे गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन आणि गॅरेजवाले तक्रार करण्याआधीच माघार घेतात. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारी व्यक्ती ग्राहक ठरत नाही हे खरे, पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडत नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा उलगडा करताना, स्वतः काम करणाऱ्याने मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे होत नाही, हे सांगितले आहे. आपण स्वतः पाना हातात धरता आणि आपला एक मदतनीस आहे. आपण ग्राहकच आहात. पुढे तक्रार करावी लागलीच, तर अर्जात "हे साधन मी स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतले व स्वतः वापरतो" हे वाक्य न विसरता लिहावे.

कंपनीने उत्तर दिले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेथून कंपनीकडे पाठपुरावा होतो, मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. आदेशाचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. आपण राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणजे कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी आपल्याला अहिल्यानगर पुरते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. एका हँडलसाठी आयोगापर्यंत जावे का, हे आपण ठरवायचे आहे, पण आपल्याला तो अधिकार आहे एवढे कंपनीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात नमूद केल्यास पत्राचे वजन वाढते.

प्रश्न: चाकण येथील एका लघुउद्योगात मी देखभाल विभाग सांभाळतो. आमचा 32 मिलिमीटरचा पाना जबड्यापाशी तुटला. कंपनीने "गैरवापर" असा एका शब्दाचा शेरा मारून तो परत पाठवला. दोष पान्याचा होता की आमचा, हे आम्ही कसे ठरवावे?

उत्तर: तुटलेली बाजू बोलते. फक्त ती घासू नका, धुऊ नका आणि दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून पाहू नका. तसे केले की पृष्ठभागावरील बारीक खुणा चेपल्या जातात. तुकडे कोरड्या कापडात वेगवेगळे गुंडाळून ठेवा आणि भिंगाखाली चांगल्या उजेडात पाहा.

संपूर्ण भेग ताजी, एकसारखी करडी आणि चमकदार दिसत असेल आणि जबडा तुटण्याआधी वाकल्याच्या किंवा उघडल्याच्या खुणा असतील, तर भार क्षमतेपलीकडे गेल्याची शक्यता मोठी आहे. दांड्यावर पाईप चढवल्याच्या ओरखड्यांची रांग किंवा हातोडीचे घाव दिसत असतील, तर कंपनीचा शेरा बरोबर आहे असे समजावे. दांड्याला पाईप लावून लांबी दुप्पट केली की तेवढ्याच हाताच्या जोरात जबड्यावरचा पीळ दुप्पट होतो, आणि तो पीळ गृहीत धरून पाना बनवलेला नसतो.

याउलट भेगेचा काही भाग आतपर्यंत काळपट आणि खवल्यांचा असेल, तर ती चीर पोलाद भट्टीत तापलेले असतानाच, म्हणजे फोर्जिंग (तापवून ठोकून आकार देणे) किंवा हीट ट्रीटमेंटच्या (तापवून कठीण करण्याच्या) वेळी पडली असण्याची दाट शक्यता आहे. चिरेच्या आत मुलाम्याचा थर गेलेला दिसला, तर ती मुलामा चढण्याआधीच होती. हे दोन्ही पुरावे उत्पादनदोषाकडेच बोट दाखवतात. तांबूस गंजाचा डाग मात्र तेवढा निर्णायक नाही. तुटण्याच्या आधीपासून चीर होती एवढेच तो सांगतो. ती कारखान्यातून आली की आधीच्या एखाद्या अतिभाराने पडली, हे त्यावरून कळत नाही. भेगेवर भरती-ओहोटीच्या रेषांसारखी वळणे दिसली, तर ती वारंवार पडलेल्या भाराने चीर हळूहळू वाढल्याची खूण असते.

तुटण्याऐवजी जबडा फाकला असेल, तर पोलाद मऊ राहिले का, हा प्रश्न येतो. हीट ट्रीटमेंट करणाऱ्या कारखान्यांकडे रॉकवेल कठिणता मोजण्याचे यंत्र असते आणि चाकण-भोसरी परिसरात असे कारखाने आपल्या माहितीतले असतील. चाचणीने पान्यावर बारीक खड्डा पडतो, म्हणून ती कंपनीला कळवून आणि कंपनीने तपासून परत दिल्यानंतरच करावी. एखादा पाना पूर्वी गॅसने तापवून वाकवला असेल किंवा ग्राइंडरवर निळा पडेपर्यंत घासला असेल, तर त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरलेले असते. अशा पान्यासाठी दावा करू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. खोटा दावा एक गेला की पुढचे दहा खरे दावे संशयाने पाहिले जातात.

कंपनीला आता असे लिहा: "गैरवापराचा निष्कर्ष कोणत्या निरीक्षणावरून काढला, ते कळवावे." एका शब्दाचा शेरा हे कारण होऊ शकत नाही. मात्र आपला पाना लघुउद्योगाच्या नावे घेतलेला असल्याने पहिल्या प्रश्नातील उपजीविकेची तरतूद आपल्याला सहसा लागू होणार नाही. आपला आधार खरेदीच्या कराराचा आणि वस्तुविक्री अधिनियम, 1930 चा आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की पुरवठादाराला दिलेल्या खरेदी आदेशातच बदलून देण्याची अट, मुदत आणि तपासणीचा लेखी अहवाल देण्याची अट घालून घ्यावी. व्यक्तिगत ग्राहकाच्या अशाच वादात, चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर जिल्हा आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि प्रयोगशाळेने 45 दिवसांत अहवाल द्यावा अशी तरतूद आहे. तिचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते.

प्रश्न: मी रत्नागिरीत वायरमन आहे. माझ्या 1000 व्होल्टच्या इन्सुलेटेड पकडीच्या मुठीवरील आवरण सहा महिन्यांत चिरले. वॉरंटीत बदलून मिळेपर्यंत टेप गुंडाळून वापरू का?

उत्तर: कृपया वापरू नका. टेपने पकडीला ती 1000 व्होल्टची खात्री परत मिळत नाही, आणि बाजारात मिळणारी साधी प्लॅस्टिकची मूठ चढवूनही मिळत नाही. आवरण चिरलेली पकड त्या क्षणापासून चालू तारेच्या कामातून बाद समजावी. दावा करताना चिरेचे जवळून छायाचित्र घ्या आणि मुठीवरील दुहेरी त्रिकोणाची खूण व 1000 व्होल्टचा छाप दिसेल असे आणखी एक जोडा. आवरण आपोआप तडकले असेल, तर दावा टिकण्यासारखा आहे. पात्याने कापले गेले असेल किंवा सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळले असेल, तर टिकणार नाही. दोन्ही परिस्थितींत नवी पकड आजच घ्यावी.

प्रश्न: वर्धा येथे घरच्या कामासाठी मी ऑनलाइन संकेतस्थळावरून ड्रिल मशीन घेतले. तीन महिन्यांत ते जळाले. विक्रेत्याचे खाते आता दिसत नाही आणि सेवा केंद्र "आर्मेचर जळाले, वॉरंटी नाही" म्हणते.

उत्तर: विक्रेता दिसेनासा झाला तरी उत्पादकाची वॉरंटी संपत नाही. ऑर्डरच्या ईमेलमधील बिल उतरवून ठेवा. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्यांनी 48 तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असे बंधन आहे.

सेवा केंद्राकडे मात्र नेमका प्रश्न विचारावा लागेल. वॉरंटीतून सामान्यतः वगळले जातात ते कार्बन ब्रश, बिट आणि चक यांसारखे झिजणारे भाग. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारांची गुंडाळी असलेला फिरणारा भाग, त्यांत येते का, हे आपल्या वॉरंटी कार्डावर पाहा. येत नसेल, तर अतिभाराने जळाल्याचे कारण केंद्राने जॉब शीटवर लिहून द्यावे, अशी मागणी करा. लांब आणि बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवरून मशीन चालवले असेल, तर विजेचा दाब उतरून मशीन तापते. सलग काँक्रीट पाडताना घरगुती मशीन विश्रांतीविना चालले, तर तेही जळते. यांपैकी काही घडले असल्यास ते लपवू नये. घडले नसल्यास जॉब शीटवर आपली हरकत लिहून मगच सही करावी. जळालेले आर्मेचर आपल्या ताब्यात मागून घ्या. बाहेर त्याची गुंडाळी करून घेण्याचा मोह वाद मिटेपर्यंत टाळावा.

प्रश्न: माझे दीर न्यू जर्सीत असतात. त्यांनी तेथून "लाइफटाइम वॉरंटी" असलेल्या पान्यांचा संच भेट दिला. त्यातील एक पाना खराब झाला, तर पुण्यात बदलून मिळेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: सहसा मिळत नाही. वॉरंटी ही ज्या देशात विक्री झाली तेथील कंपनीने त्या देशापुरती दिलेली असते. त्याच नावाची कंपनी भारतात असली तरी तिच्यावर हे बंधन येईलच असे नाही. अमेरिकेत हातअवजारांच्या आजीवन हमीची परंपरा मोठी आहे. सिअर्सच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या क्राफ्ट्समन पान्यांची हमी तिथल्या घराघरांत ठाऊक होती, आणि 2017 मध्ये हे नाव स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या कंपनीकडे गेले. तेथील 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार लेखी वॉरंटी "पूर्ण" आहे की "मर्यादित", हे वॉरंटी देणाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते. आपल्या डब्यावर यांपैकी कोणता शब्द आहे आणि हमी फक्त मूळ खरेदीदारापुरती आहे का, हे आधी वाचा. तशी असेल, तर दावा आपल्या नव्हे, दिरांच्या नावाने करावा लागेल. टॉर्क पाना, मोजपट्टी आणि धार असलेली अवजारे अशा हमीतून बहुधा वगळलेली असतात.

दीर पुढच्या वेळी येतील तेव्हा तुटलेला पाना त्यांच्याबरोबर चेक-इन सामानातून परत पाठवणे, हाच सोपा मार्ग आहे. कुरिअरने पाठवल्यास एका पान्याच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होण्याचा संभव असतो. त्याआधी त्यांना पान्याचे छायाचित्र पाठवून कंपनीच्या संकेतस्थळावर दावा नोंदवण्यास सांगा. काही कंपन्या छायाचित्रावरच नवा नग पाठवतात, आणि मग जुना पाना नेण्याची गरजही उरत नाही.