कॉलेज फुटबॉलच्या सामन्यांना मेयोनीज आणि बटाट्याची नावं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या) मोसमाअखेरच्या 'बोल' सामन्यांना मेयोनीज, बटाटे, पॉप-टार्ट (टोस्टरमध्ये गरम करून खायचा गोड पदार्थ) अशी नावं का, आणि इतका जुना खेळ असा विकायला यांना काहीच वाटत नाही का. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला राहायला आलो त्या पहिल्या डिसेंबरात मलाही हेच वाटलं होतं. 'ड्यूक्स मेयो बोल' इथेच होतो. (ड्यूक विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही, हा मेयोनीजचा १९१७ पासूनचा ब्रँड आहे.)

आता मला वाटतं, विकण्यासारखं पावित्र्य तिथे कधी नव्हतंच. ही नावं पहिल्यापासून वाणसामानाच्या यादीतलीच आहेत. ऑरेंज, शुगर, कॉटन ही नावं आज भारदस्त वाटतात, पण फ्लोरिडाची संत्री, लुइझियानाची साखर आणि टेक्ससचा कापूस यांचा तो डंकाच होता. मंदीच्या दिवसांत, १९३५ साली ऑरेंज आणि शुगर सुरू झाले, १९३७ साली कॉटन. थंडीत पाहुणे यावेत, हॉटेलं भरावीत, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

सगळ्यांचा मूळ पुरुष म्हणजे कॅलिफोर्नियातला 'रोज' (म्हणजे गुलाब) बोल. पॅसाडीनाला नववर्षाच्या दिवशी फुलांची मिरवणूक निघायची, बर्फात गाडलेल्या पूर्वेकडच्या लोकांना 'बघा, आमच्याकडे जानेवारीत गुलाब फुलतात' म्हणून खिजवायला. १९०२ साली तिच्या जोडीला फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं आणि स्टॅनफर्डने वेळ संपायच्या आतच हात टेकले. आयोजकांनी फुटबॉलचा नाद सोडला आणि पुढे चक्क रथांच्या शर्यती लावल्या! फुटबॉल परतला तो १९१६ साली. नंतर वाडग्याच्या आकाराचं स्टेडियम बांधलं, त्यावरून हा 'बोल'.

कंपन्यांची नावं चिकटायला लागली ऐंशीच्या दशकात. आयपीएलच्या आधी डीएलएफ, व्हिवो, टाटा येत गेले तसंच, फक्त इथे कधीकधी मूळ नावच पुसलं जातं. पीच बोल काही वर्षं चिकन सँडविच विकणाऱ्या कंपनीच्या नावाने नुसता 'चिक-फिल-ए बोल' होता, पीच गायब. आयडाहोचा बटाटा बोल मात्र मला अस्सल वाटतो. तिथे पैसे देतं राज्याचं बटाटा मंडळ, म्हणजे संत्री-कापसाचीच परंपरा. सामना बॉयझीच्या निळ्याशार मैदानावर होतो.

बारापैकी सहा सामने जिंकले की संघ बोलसाठी पात्र. असे चाळीसच्या वर सामने होतात आणि त्यातले बरेच ईएसपीएन या वाहिनीच्याच मालकीचे आहेत. नाताळच्या आठवड्यात लोक घरी असतात, टीव्ही चालू असतो. स्टेडियम अर्धं रिकामं राहिलं तरी चालतं.

आणि आता विजेतेपद ठरतं प्लेऑफमध्ये, म्हणजे हरला तो बाहेर अशा बाद फेरीत, २०२४ पासून बारा संघांच्या. रोज, शुगरसारखे मोठे बोल त्यात सामावले गेले. उरलेल्यांत हरलं काय नि जिंकलं काय, फरक पडत नाही. व्यावसायिक संघात जाऊ पाहणारे खेळाडू दुखापतीच्या भीतीने खेळतच नाहीत. २०१६ साली स्टॅनफर्डचा स्टार खेळाडू ख्रिश्चन मकॅफ्रीने सन बोल सोडला तेव्हा केवढी ओरड झाली होती, आता कुणी भुवईसुद्धा उंचावत नाही.

मग उरतं काय? मेयोनीज. जिंकलेल्या कोचला खुर्चीत बसवून डोक्यावर बादलीभर मेयोनीज ओततात. २०२१ साली साउथ कॅरोलिनाचा कोच शेन बीमरच्या डोक्यावर मेयोनीजबरोबर बादलीही आदळली होती. बिचारा डोळे पुसत हसत होता. आणि २०२३ साली ऑर्लँडोच्या पॉप-टार्ट बोलमध्ये तर स्ट्रॉबेरी पॉप-टार्टचा वेश घातलेला शुभंकर (मॅस्कॉट), हात हलवत, एका अवाढव्य टोस्टरमध्ये खाली उतरत गेला. खालून बाहेर आलं एक भलंमोठं, खरोखर खाण्याजोगं पॉप-टार्ट. जिंकलेल्या कॅन्सस स्टेटच्या पोरांनी ते हातांनी तोडून खाल्लं. माझी मुलगी किंचाळली, "बाबा, त्याला खाल्लं!" हे दृश्य आमच्या घरी अजून निघतं. स्कोअर मात्र हे लिहिताना मला शोधावा लागला: २८-१९.