रोजचे तेच ते ईमेल साध्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्याशा प्रोग्रामने, पाठवता येतील का? त्यावर विसंबावं का?

येतील. आणि विसंबावंच. ‘हाताने पाठवलेलंच खात्रीचं’ हे मी वर्षानुवर्षं ऐकलंय, ते मला अजिबात पटत नाही.

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी हिशोबाला होतो. रोज संध्याकाळी शंभरावर पार्ट्यांना बिलं ईमेलने जायची. पत्ता टाका, पीडीएफ जोडा, पाठवा. आठ वाजायचे. ऐन दिवाळीच्या तोंडावर एकाचं बिल दुसऱ्याला गेलं. दोघांचं आडनाव एकच. दोन अक्षरं टाकताच भलताच पत्ता पुढे आला. शेजारच्या दुकानदाराला तूरडाळ क्विंटलमागे पन्नास रुपये स्वस्त पडली, हे त्या पार्टीला असं कळलं. मालकांनी मला हमालांसमोर झापलं.

त्या महिन्यात रात्री बसून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. एक्सेलच्या यादीत पार्टीचा कोड आणि ईमेल, पीडीएफच्या नावातही तोच कोड. कोड जुळला तरच मेल जाणार, नाहीतर ती पार्टी बाजूला. मुनीमकाका म्हणाले, “मशीन चुकली तर जाब कोणाला इचारायचा बे?”

चौथ्याच दिवशी लाइट गेली. पुन्हा चालवली तर आधीच्या साठ जणांना तीच बिलं दुसऱ्यांदा गेली. काकांना आयतंच मिळालं. म्हणून सांगतो, एकेक मेल गेला की लगेच कोड आणि वेळ वेगळ्या फाइलमध्ये लिहून घ्या, आणि पाठवण्याआधी ती फाइल तपासा. माझ्या मते स्क्रिप्टचा जीव तिथंच आहे. बाकी मेल पाठवणारं ‘एसएमटीपीलिब’ (smtplib) पायथनसोबतच येतं, आणि ठरल्या वेळी चालवायला विंडोजचा टास्क शेड्युलर पुरतो.

स्क्रिप्टमधून पाठवताना जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) चालू करून स्क्रिप्टसाठी वेगळा 16 अक्षरी ॲप पासवर्ड घ्या, तो कोणाला दाखवू नका. मराठी नावांची यादी एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ (CSV UTF-8) या प्रकारात सेव्ह करा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पहिले दोन दिवस सगळे मेल स्वतःलाच पाठवून बघा. आणि हो, साध्या जीमेलवरून दिवसाला 500 च्या वर पाठवू देत नाहीत. ऑफिसचं खातं असेल तर ॲप पासवर्ड बंदही असू शकतो, आधी विचारून घ्या.

काकांच्या जाबाचं म्हणाल, तर स्क्रिप्ट चुकली तेव्हा कोणत्या ओळीमुळे चुकली ते मी दाखवू शकलो आणि ती ओळ दुरुस्त केली. दिवाळीला मी नीट बघूनच पाठवत होतो, तरी मला ‘लक्ष नव्हतं’ असंच कबूल करावं लागलं होतं.