खोल समुद्रतळावरचे सूत्रकृमी काय खातात, आणि ते ओळखायचं कसं?

तुम्ही पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताय आणि विचारलंय की चार-पाच हजार मीटर खोलीवर उजेड नाही, वनस्पती नाहीत, तर तिथले मिलिमीटरभर सूत्रकृमी (नेमॅटोड, दोऱ्यासारखे बारीक कृमी) जगतात कशावर, आणि मेलेल्या नमुन्यावरून त्यांचा आहार कळतो का?

वरून जे झिरपत येतं त्यावर आणि त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंवर. पृष्ठभागावरची प्लवकं (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मेली की त्यांचे अवशेष, विष्ठा, चिकट गोळे खाली येतात. वाटेतच बहुतेक खाल्लं जातं. चार हजार मीटरखाली पृष्ठभागावरच्या उत्पादनाचा जेमतेम एक टक्का पोहोचतो. म्हणून तिथले कृमी गाळाच्या वरच्या काही सेंटिमीटरांत दाटलेले असतात. अन्न किती निर्णायक असतं ते आपल्या अरबी समुद्रात दिसतं. साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळपास नसतो, तरी तिथल्या अन्नसमृद्ध गाळात सूत्रकृमी भरपूर सापडतात.

ओळखण्याची सुरुवात तोंडापासून. १९५३ साली सूत्रकृमींचे अभ्यासक वीझर यांनी मुखपोकळीवरून चार गट पाडले, ते आजही वापरतात. १-अ म्हणजे मुखपोकळी नसल्यातच जमा, उदाहरणार्थ हॅलालायमस: जिवाणूंएवढे बारीक कण तेवढे आत जातात. १-ब ची पोकळी मोठी पण बिनदातांची, जसं सबॅटिएरिया. गाळातलं मिळेल ते गिळतात. २-अ ला लहान दात, खरवडायला किंवा पेशी फोडायला. २-ब ला मोठे दात किंवा मजबूत कडांची पोकळी, जसं स्फेरोलायमस. हे शिकारी, इतर सूत्रकृमीही गिळतात. शिवाय गंधकयुक्त गाळातला अ‍ॅस्टोमोनेमा आहेच. त्याला तोंडच नाही, शरीरात सांभाळलेल्या जिवाणूंवर तो जगतो.

पण तोंडाचा आकार हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. अ‍ॅकॅन्थोलायमस खोल समुद्रात सर्वत्र सापडतो. दातांमुळे तो २-अ मध्ये बसतो, म्हणजे पुस्तकी भाषेत डायटम (काचेसारख्या कवचाचं एकपेशी शैवाल) खरवडणारा. पण तिथे जिवंत डायटमचा थर येणार कुठून? माझ्या मते ते दात जिवाणू आणि कुजक्या पेशी फोडायला वापरले जात असावेत. १९९७ मध्ये मोएन्स आणि विंक्स यांनी खाडीतले जिवंत कृमी खाताना पाहून गट नव्याने मांडले, ते यासाठीच. म्हणून प्रबंधात ‘२-अ, म्हणजे शैवालभक्षी’ असं सरळ लिहू नका. ठोस पुरावा हवा तर कार्बन-१३ ने (कार्बनचा जड समस्थानिक) खूण केलेलं शैवाल गाळावर टाकून ते कृमींच्या शरीरात किती उतरलं हे मोजतात. मेदाम्लं आणि आतड्यातला डीएनए हे आणखी दोन मार्ग.

नमुना घेतानाच निम्मी चूक होते. जड पेटी-कोअरर (गाळाचा चौकोनी ठोकळा कापून आणणारं यंत्र) तळाला टेकण्याआधी पाण्याचा झोत पुढे ढकलतो आणि वरचा भुरभुरा थर उडवतो. नेमकं ताजं अन्न तिथेच असतं. म्हणून मल्टिकोअरर वापरतात, त्याच्या नळ्या गाळात हळू उतरतात आणि वरचा थर हलत नाही.

प्रयोगशाळेत ४ टक्के फॉर्मॅलिनमधला गाळ १ मिमी आणि ३२ मायक्रॉनच्या चाळण्यांतून गाळा, आणि ३२ च्या चाळणीवर उरतं ते घ्या. मग सुमारे १.१८ घनतेच्या ल्युडॉक्समध्ये (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेला जड द्रव) सेंट्रिफ्यूज करा, तीनदा: गाळ बसतो, कृमी तरंगतात. त्याआधी नमुना गोड्या पाण्यानं नीट धुवा, कारण मीठ राहिलं तर ल्युडॉक्सची जेली होते आणि सगळा नमुना अडकतो. रोझ बेंगॉल हा कृमी गुलाबी करणारा रंग हात राखून वापरा. गडद रंगात दात दिसत नाहीत. नंतर अल्कोहोलमार्गे हळूहळू ग्लिसरीनमध्ये न्या. घाई केली की कृमी चिपाडासारखा आकसतो आणि मुखपोकळीचं माप फुकट जातं. तोंड सूक्ष्मदर्शकाच्या १०० पट ऑइल लेन्सखालीच बघा.

सरावासाठी हर्णै किंवा काशीदची ओहोटीची वाळू आणा, थोड्या समुद्रपाण्यासह, थंड डब्यात. लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट विरघळवा आणि वाळू त्यात दहा मिनिटं ठेवा. शेपटीच्या ग्रंथींतल्या चिकट स्रावानं कृमी कणांना धरून असतात, गुंगी आली की सुटतात. हलकेच ढवळून वरचं पाणी ४५ मायक्रॉनच्या जाळीवर ओता, दोन-तीनदा करा, आणि कृमी लगेच समुद्रपाण्यात सोडा. शुद्धीवर आलेल्या कृमीला स्लाइडवर पाहताना त्याची घशाची नळी बघा. कृमीच्या शरीरात आतून दाब असतो, त्यामुळे आतडं आपोआप उघडं राहत नाही. घशाचे स्नायू तीन कोनी नळी ताणून उघडतात, अन्न शोषतात, आणि स्नायू सैल पडताच ते मागे आतड्यात ढकललं जातं. खोल समुद्रातल्या कृमीचा घसाही याच रचनेचा असतो.