सिनेमे-सिरीज डोकं बाजूला ठेवून बघायच्या की चिरफाड करत? बघताना सारखा विचार करत बसलं तर मजा निघून जात नाही का?

जाते. सुरुवातीला तरी जातेच, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही "डोकं बाजूला ठेवून बघायचं की चिरफाड करत बघायचं" असे दोनच पर्याय दिलेत ना, ते काही मला पटलं नाही, कारण मी दोन्ही करते, एकाच गोष्टीवर करते, फक्त एकाच वेळी नाही करत.

आधी सांगून ठेवते, मी गोष्टीवेडी आहे. कादंबरी, सिनेमा, मालिका, पॉडकास्ट, काहीही चालतं. बाजूच्या सीटवर कोणी फोनवर भांडत असेल तरी माझे कान तिकडे, आणि ते माणूस मधेच उतरून गेलं की मला रात्रभर चुटपुट, पुढे काय झालं असेल. रडायला तर नुसतं निमित्त लागतं.

असंच एका सिरीजमध्ये एक बाप मुलाला स्टेशनवर सोडायला आलेला, बोलत काही नाही, नुसता उभा, आणि मी ढसाढसा. दुसऱ्या दिवशी तोच सीन मैत्रिणीला दाखवायला लावला, आतल्या खोलीत कोणी झोपलेलं म्हणून आवाज बंद. काही म्हणजे काहीच झालं नाही! एक माणूस उभा आहे, कोऱ्या चेहऱ्याने, बस. तेव्हा कळलं की आदल्या रात्री मला रडवलं होतं ते व्हायोलिनने, आणि त्याच्या आधीच्या शॉटमध्ये नीट बंद न झालेल्या बॅगेतून लोंबणाऱ्या स्वेटरच्या बाहीने. नटाने काही केलंच नव्हतं, किंवा काही न करणं हेच त्याचं काम होतं, तो वेगळा वाद.

नंतर वाचनात आलं की हे शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी करून बघितलंय. लेव कुलेशोव म्हणून रशियन दिग्दर्शक होता, त्याने 1920 च्या आसपास इव्हान मोझुखिन या नटाचा आधीच्या फिल्ममधला एकच निर्विकार क्लोजअप उचलला आणि एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला. चेहरा तोच, एक रेष हललेली नाही. पण बघणारे म्हणे नटावर खूश, काय भूक दाखवलीय, काय दुःख दाखवलंय. म्हणजे भाव त्यांनीच स्वतःच्या पदरचा घातला होता. मी पण तेच केलं होतं.

मग मी तो स्टेशनचा सीन तिसऱ्यांदा लावला, आवाजासकट. सगळं माहीत असून परत रडले. बाही दिसली की गेलेच.

म्हणून कलाकुसर कळल्याने मजा जाते हे मला खरं वाटत नाही. त्रास होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. एक जुनी कॉमेडी मी वर्षानुवर्षं बघायचे, त्यात हिरॉइनची एक जाड मैत्रीण. एकदा सहज मोजायला लागले, तर एका एपिसोडमध्ये ती नुसती खुर्चीत बसली किंवा उठली की हशा, असं सात वेळा. आणि हशा तरी कोणाचा? चार्ली डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरने 1950 च्या दशकात मालिकांमध्ये रेकॉर्ड केलेला हशा भरायला चक्क एक पेटी बनवली होती, टाइपरायटरसारखी बटणं आणि पायाखाली पेडल, एका बटणाला खुदकन हसणं, दुसऱ्याला खो खो. तिथे कोणी हसतच नव्हतं, हसत होते ती मी, घरी बसून, बटण दाबल्यासारखी. ती सिरीज त्यानंतर मला बघवली नाही आणि त्याचं दुःखही नाही झालं.

शेवटांचंही तसंच. जुन्या हॉलीवूड सिनेमात पापाचा घडा भरतोच, मला वाटायचं काय नैतिक लोक होते. तर तिथे हेज कोड म्हणून नियमावली होती, 1934 पासून कडकपणे लागू, 1968 पर्यंत चालली, गुन्हा पचला असं दाखवायचंच नाही. आता तसला नियम नाही, आता खलनायक शेवटच्या मिनिटाला निसटला तर समजायचं की दुसरा सीझन काढायचाय.

मात्र एक गोष्ट करू नका जी मी जवळजवळ वर्षभर केली. "पण त्याने फोन का नाही केला", "पाऊस होता तर शर्ट कोरडा कसा", हे असलं. त्याला मी तेव्हा फार अभिमानाने समीक्षा म्हणायचे, आता वाटतं ती शुद्ध किरकिर होती. धाकटा भाऊ एकदा वैतागून म्हणाला, "ताई, तू बघतेयस का तपासतेयस?" आणि त्याने माझ्यासोबत बघणंच सोडलं.

आता मी पहिल्यांदा गप्प बघते, वाहून जायचं तेवढं जाते. जे डोक्यातून जातच नाही तेच दुसऱ्यांदा बघते, आणि तेव्हा एवढंच विचारते की इथे मला हसू किंवा रडू यावं असं कोणाला वाटत होतं आणि त्यासाठी कोणाला वापरून घेतलंय. बहुतेक गोष्टी दुसऱ्यांदा बघायच्या लायकीच्या नसतात, त्यामुळे वेळही फार जात नाही.

भाऊ परत बसायला लागलाय सोबत. अट एकच, नावं येऊन संपेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. हल्ली ती नावं तोच भराभर पुढे ढकलतो, कारण त्याला माझ्याआधी बोलायचं असतं.